जुनी शर्यतीची मोटार आणि तिची ओळख

जुनी वस्तु विकत घेणें हा व्यवहार नवी वस्तु घेण्याहून नेहमींच अवघड असतो. नव्या वस्तूच्या मागें तिचा कारखानदार उभा असतो. जुन्या वस्तूच्या मागें केवळ तिचा इतिहास उभा असतो, आणि तो इतिहास सांगणारा माणूस बहुधा विक्रेताच असतो. दागिना असला तर कस लावतां येतो. घोडा किंवा बैल असला तर दांत पाहून वय काढतां येतें व चालवून पाहून त्याचा दम जोखतां येतो. परंतु जिचीं चाकें बदललीं, इंजिन बदललें, पत्रा बदलला आणि तरीहि जिचें नांव मात्र बदललें नाहीं, अशी साठ वर्षांची शर्यतीची मोटार जेव्हां बाजारांत येते, तेव्हां कस कशाला लावावयाचा? हाच प्रश्न १९९० सालीं लंडनच्या हायकोर्टापुढें आला. जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीच्या इतिहासांत इतका उद्बोधक प्रसंग दुसरा क्वचितच सांपडेल.

ज्या मोटारीवरून हा खटला झाला ती बेंटली कंपनीची 'स्पीड सिक्स' जातीची गाडी होती. 'ओल्ड नंबर वन' हें तिचें प्रसिद्धीचें नांव. खटल्यांतील वाद नीट समजावयाचा तर या गाडीचें पूर्वचरित्र आधीं पाहिलें पाहिजे.

वॉल्टर ओवेन बेंटली या इंग्रज यंत्रज्ञानें १९१९ सालीं आपल्या नांवाची कंपनी काढली. तरुणपणीं त्यानें डॉन्कास्टर येथील आगगाडीच्या कारखान्यांत उमेदवारी केली होती, आणि त्यामुळेंच कीं काय, त्याच्या मोटारींतहि आगगाडीच्या इंजिनाचा भरभक्कमपणा उतरला. फ्रान्समध्यें हलक्या व नाजुक शर्यती मोटारी बांधणारा त्याचा प्रतिस्पर्धी एत्तोरे बुगात्ती हा या गाड्यांना 'जगांतील सर्वांत वेगवान मालमोटारी' म्हणे, अशी एक आख्यायिका आहे. टोमणा असो वा स्तुति असो, तींत तथ्य होतें. कारण बेंटलीचा खरा पराक्रम क्षणभराच्या वेगांत नव्हता. तो दम धरण्यांत होता.

असा दम पाहणारी शर्यत फ्रान्समधील ल मान्स या गांवीं १९२३ सालापासून भरूं लागली होती. ती चोवीस तासांची. दुपारीं चार वाजतां निघावयाचें, रात्रभर दिव्यांच्या उजेडांत धांवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं चार वाजतां जो सर्वांत अधिक अंतर तोडून अद्याप चाकांवर उभा असेल तो विजयी. बेंटली गाड्यांनीं ही शर्यत १९२४ सालीं एकदां आणि पुढें १९२७ ते १९३० अशीं सलग चार वर्षें जिंकली. या विजयमालिकेच्या उत्तरार्धाचा नायक वूल्फ बार्नाटो हा होता. दक्षिण आफ्रिकेंत किंबर्लेच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा. सरे परगण्याकडून तो क्रिकेटहि खेळला होता, आणि बेंटली कंपनीला १९२६ पासून त्याच्याच पैशाचा टेकू होता. ल मान्सच्या शर्यतींत तो एकूण तीनदां उतरला आणि तीनहि वेळां जिंकला. श्रीमंताच्या पोराचा हा नुसता षोक नव्हता, हें एवढ्यावरून दिसून येईल.

१९२९ च्या शर्यतींत पहिल्या चारहि जागा बेंटली गाड्यांनींच पटकावल्या. त्यांत सर्वांत पुढें होती ती बार्नाटो व टिम बर्किन यांनीं चालविलेली स्पीड सिक्स. तिच्यावर १ हा आंकडा रंगविलेला होता. पुढल्या वर्षीं बार्नाटोनें ग्लेन किडस्टन यास जोडीला घेऊन 'नंबर वन' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गाडीनेंच पुन्हा शर्यत मारली. गंमत अशी कीं, त्या दुसऱ्या विजयाच्या वेळीं तिच्या अंगावर आंकडा होता तो मात्र ४.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. शर्यतीची गाडी ही देव्हाऱ्यांत ठेवावयाची वस्तु नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती उकलली जाते. झिजलेले भाग फेंकले जातात. जें मोडलें तें बदलतात आणि जें मोडलें नाहीं तेंहि, पुढें मोडेल या भीतीनें, बदलतात. गोदामांत एकाच जातीचीं तीन-चार इंजिनें असलीं तर जें तयार असेल तें बसवितात. त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येत नाहीं कीं साठ वर्षांनीं कोणी वकील येऊन 'हा बोल्ट कोणत्या सालचा' म्हणून विचारणार आहे.

१९३१ सालीं बेंटली कंपनी कर्जांत बुडाली आणि रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. बार्नाटोजवळ 'ओल्ड नंबर वन' मात्र राहिली. १९३२ सालीं तिच्यांत आठ लिटरांचें मोठें इंजिन बसविण्यांत आलें आणि ब्रुकलँड्स येथील पांचशें मैलांच्या शर्यतींत ती उतरविण्यांत आली. लंडनपासून जवळच असलेली ब्रुकलँड्सची काँक्रीटची धांवपट्टी १९०७ सालीं खुली झालेली; तिचीं वळणें बशीच्या कडेसारखीं उचललेलीं होतीं, जेणेंकरून भरधांव गाडी बाहेर फेंकली जाऊं नये. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या शर्यतींत क्लाइव्ह डन्फी यानें आपल्या भावाकडून गाडी हातीं घेतली. थोड्याच वेळांत उंच वळणाच्या अगदीं माथ्यावर तिचीं चाकें कडेबाहेर गेलीं, आणि गाडी पलीकडच्या झाडींत कोसळली. डन्फी जागींच ठार झाला. त्याची पत्नी जेन बॅक्स्टर ही त्या वेळची नामांकित नटी होती.

त्या अपघातानंतर बार्नाटोनें मोडलेल्या गाडीची पुन्हा बांधणी करविली, आणि शर्यतीचें रूप टाकून तिला रस्त्यावर वापरण्याजोग्या कूपेचें रूप दिलें. नंतर ती अनेक हातांतून गेली. कालांतरानें तिला पुन्हा उघड्या शर्यती गाडीचें रूप मिळालें. माणसें मात्र तोंवर गेलेलीं होतीं. किडस्टन १९३१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत विमान पडून मेला. बर्किन १९३३ सालीं वारला. बार्नाटो १९४८ सालीं.

त्या काळीं जुन्या बेंटलींना कोणी विचारीत नसे असें म्हटलें तरी चालेल. नव्या गाड्या हलक्या, स्वस्त व आरामशीर होत होत्या, आणि ही जुनीं धुडें पेट्रोल पिऊन मालकाला भिकेस लावीत. परंतु इंग्लंडांत कांहीं मध्यम परिस्थितींतले षोकीन असे निघाले कीं ज्यांना नवी उंची गाडी परवडत नव्हती, आणि ज्यांना नव्या स्वस्त गाडींत रस नव्हता. त्यांनीं १९३४ सालीं जुन्या शर्यती मोटारींचा एक क्लब काढला आणि १९३० च्या अखेरपर्यंत बांधलेल्या गाड्यांनाच खरा मान द्यावयाचा असें ठरविलें. १९३६ सालीं केवळ बेंटलीवाल्यांचा निराळा क्लब निघाला. गाड्यांचे क्रमांक, मालकांचीं नांवें, बदललेले भाग, अपघात, रंग यांची टिपणें ठेवण्याचा उद्योग अशाच मंडळींनीं पुढें जोपासला. आज जुनी गाडी घेणाऱ्याला जें कांहीं खात्रीनें कळूं शकतें त्याचा मोठा भाग या हौशी चोपड्यांतून आलेला आहे. सरकारी दप्तरानें हें काम इतकें चोख क्वचितच केलें असतें.

१९८० नंतरच्या दशकांत वारें फिरलें. जुनी शर्यती मोटार ही चित्रासारखी, हिऱ्यासारखी, पैसा गुंतविण्याची वस्तु ठरली. ऑगस्ट १९८८ मध्यें एन्झो फेरारी वारल्यावर तर भाव भडकले. ज्यांनीं आयुष्यांत कधीं स्पॅनर हातांत धरला नव्हता असे लोक गाड्या घेऊन न चालवितां गोदामांत ठेवूं लागले. अशा ऐन तेजींत, एप्रिल १९९० मध्यें, एका कंपनीनें 'ओल्ड नंबर वन' तिच्या तत्कालीन मालकाकडून विकत घेण्याचा करार केला. किंमत ठरली एक कोटी पौंड.

करार झाला, पण खरीददारानें पुढें हात आंखडता घेतला. त्याचें म्हणणें असें कीं ही ती गाडीच नव्हे. ल मान्स जिंकलेल्या गाडीचे भाग हिच्यांत उरलेलेच नाहींत, तेव्हां नांव एक आणि माल दुसरा असा हा व्यवहार आहे. विक्रेता कोर्टांत गेला. न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, जुने फोटो पुढें आले, गाडीचा एकेक भाग तपासला गेला.

येथें आपल्याकडच्या वाचकाला 'मिलिंदप्रश्ना'ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. सागल नगरींत यवन राजा मिलिंद हा भिक्षु नागसेनाला भेटावयास गेला तेव्हां नागसेनानें त्याला विचारलें होतें कीं, महाराज, आपण पायीं आलांत कीं रथांत? राजा म्हणाला, रथांत. मग रथ म्हणजे काय तें सांगा : दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें, सांटा, जूं, लगाम, यांपैकीं रथ कोणता? राजा प्रत्येकाला 'नाहीं' म्हणत गेला आणि अखेर त्याला कबूल करावें लागलें कीं या सर्वांच्या आधारानें 'रथ' हें एक नांव व्यवहारांत चालतें. दोन हजार वर्षांपूर्वीं जो प्रश्न आत्म्यासंबंधानें विचारला गेला तोच लंडनच्या कोर्टांत पुन्हा निघाला. फरक इतकाच कीं, या वेळीं उत्तरावर एक कोटी पौंड टांगलेले होते.

तपासणींत जें निघालें तें विक्रेत्याला फारसें सुखावणारें नव्हतें. १९२९ च्या विजयी गाडीपैकीं जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. उरला असलाच तर पेडलचा एक दांडा. १९३० च्या गाडीपैकीं गिअर-बॉक्सचें बाहेरचें कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेंच. सांगाडा, पुढला आंस, कमानी आणि तें आठ लिटरांचें इंजिन हीं सर्व १९३२ च्या, म्हणजे अपघाताच्या वेळच्या गाडीचीं. लोखंड तोलावयाचें म्हटलें तर खरीददाराची बाजू बिनतोड दिसते.

परंतु न्यायमूर्तींनीं तागडी निराळीच धरली. ही गाडी 'मूळची' आहे असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आणि तसें तें १९२९ सालच्या दुसऱ्या शर्यतीच्या दिवशींहि म्हणतां आलें नसतें, कारण तोंवर कांहीं भाग बदललेलेच होते. तिच्यांत नवे भाग आले ते एकदम नव्हे, हळूहळू आले, आणि गाडीच्या चालत्या आयुष्यांत मिसळून गेले. कोठल्याहि एका दिवशीं जुनी गाडी संपली व नवी सुरू झाली असें झालें नाहीं. शिवाय 'ओल्ड नंबर वन' या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी गाडी जगांत नाहीं, आणि पूर्वींहि नव्हती. विकावयास काढलेली वस्तु केवळ लोखंड नव्हती. लोखंडाबरोबर इतिहास व कीर्ति हींहि विकावयास होतीं, आणि तीं अखंड व कागदोपत्रीं सिद्ध होतीं. तेव्हां खरीददारानें करार पुरा केला पाहिजे, असा निकाल जुलै १९९० मध्यें लागला.

या निकालाचा आनंद जुन्या गाड्यांच्या बाजाराला फार काळ उपभोगतां आला नाहीं. त्याच सुमारास तेजीचा फुगा फुटला, आणि वर्ष-दोन वर्षांपूर्वीं ज्यांनीं अव्वाच्या सव्वा किंमती दिल्या होत्या त्यांपैकीं अनेकांना गाड्या मिळेल त्या भावानें फुंकाव्या लागल्या. ज्यांनीं गाडी चालविण्यासाठीं घेतली होती त्यांचें मात्र फारसें बिघडलें नाहीं. त्यांची गाडी रविवारीं पूर्वींसारखीच सुरू होत होती.

न्यायमूर्तींच्या विवेचनांतून खरेदीदारानें उचलावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती सर्व जुन्या शर्यती गाड्यांना लागू पडते. भाग बदललेले असणें हा दोष नव्हे. बदल केव्हां, कोणीं व कां केला हें सांगतां न येणें हा दोष. पन्नास वर्षांची गाडी 'अगदीं मूळची, कांहींहि बदललेलें नाहीं' असें सांगून कोणी विकूं लागला तर एक तर ती कधीं चालली नसावी, नाहीं तर सांगणारा खरें बोलत नसावा. उलट ज्या गाडीबरोबर दुरुस्तीच्या पावत्यांचा, जुन्या मालकांच्या पत्रांचा, फोटोंचा गठ्ठा येतो, ती दहा ठिकाणीं ठिगळें लावलेली असली तरी विश्वासाची. साखळींतला एखादा दुवा नसेल तर तेथें थांबून विचारलें पाहिजे. कारण गाड्यांच्या आयुष्यांतील लाजिरवाणे प्रसंग नेमके अशाच रिकाम्या जागांत दडलेले असतात.

गोष्ट खरी आणि गाडी मात्र दुसरीच, असेंहि घडतें. त्याचें उदाहरण याच बार्नाटोच्या चरित्रांत आहे. मार्च १९३० मध्यें त्यानें पैज मारली कीं, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणाऱ्या 'ब्लू ट्रेन' या प्रसिद्ध आगगाडीबरोबर कान येथून निघून, ती कॅलेच्या बंदरांत पोंचण्यापूर्वीं आपण बेंटलीनें लंडनांतील क्लबांत पोंचूं. रात्रभर पावसा-धुक्यांतून गाडी हांकीत, समुद्र ओलांडून, तो अवघीं कांहीं मिनिटें आधीं पोंचला. त्याच्या संग्रहीं गर्नी नटिंग यांनीं बांधलेली, उतरत्या छपराची एक फार देखणी कूपे होती. पुढें तीच 'ब्लू ट्रेन बेंटली' म्हणून प्रसिद्ध झाली. टेरेन्स क्यूनिओ या चित्रकारानें काढलेल्या शर्यतीच्या चित्रांतहि तीच आहे. कित्येक वर्षें कोणालाहि शंका आली नाहीं. परंतु तारखा ताडून पाहतां असें दिसलें कीं शर्यत झाली मार्चमध्यें, आणि ही कूपे बांधून पुरी झाली ती मे महिन्यांत ! प्रत्यक्ष धांवली होती ती बार्नाटोची दुसरी, चौकोनी बांध्याची साधी सलून गाडी. चित्रकारानें, पत्रकारांनीं आणि मालकांनीं देखण्या गाडीची निवड केली होती. कारखान्याच्या वहीला देखणेपणाशीं कर्तव्य नव्हतें. जुन्या मोटारीविषयीं सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक सुरस कथेची तारीख अशी वहीशीं ताडून पाहण्यास फार तर एक पत्र लिहावें लागतें. अनेक कारखान्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या दप्तरांतून गाडी कोणत्या दिवशीं, कोणत्या रंगांत, कोणत्या क्रमांकाच्या इंजिनासह बाहेर पडली याचा दाखला शुल्क भरून मिळतो. एवढा खर्च चुकविणारा खरेदीदार कंजूष म्हणावा कीं भोळा, हें ठरविणें कठीण आहे.

कीर्ति आणि किंमत यांची सांगड नेहमींच असते असेंहि नाहीं. फेरारी कंपनीनें १९६२ ते १९६४ या काळांत '२५० जीटीओ' नांवाच्या अवघ्या छत्तीस गाड्या बांधल्या. शर्यतींचा हंगाम सरला, नव्या गाड्या आल्या, आणि या जुन्या झाल्या. त्यांतली एक टेक्सासमधील एका शाळेला मुलांना यंत्रशिक्षण देण्यासाठीं दान मिळाली होती. १९७२ सालीं ती साडेसहा हजार डॉलरांना विकली गेली. त्याच छत्तिसांपैकीं दुसरी एक २०१८ सालीं लिलांवांत ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांना गेली. हे आंकडे ऐकून पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटतें, आणि जुनी गाडी म्हणजे पुरलेला हंडा असा समज होतो. पण त्याच वर्षांत बांधलेल्या लाखों गाड्या भंगारांत गेल्या हें कोणी मोजीत नाहीं. ज्या दिवशीं गाडी केवळ भाव चढेल या आशेनें घेतली जाते त्या दिवशीं तिची तपासणी करणारे डोळे निम्मे मिटलेले असतात. १९९० सालीं झालें तें हेंच.

सामान्य संसारी माणसाच्या वांट्याला अर्थात् बेंटली किंवा फेरारी येत नाहीं. त्याच्या आवांक्यांतली जुनी शर्यती ढंगाची मोटार म्हटली तर इंग्लंड-अमेरिकेंत बहुधा 'एमजीबी'चें नांव पुढें येतें. ही दोन बैठकांची गाडी १९६२ ते १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथें तयार होत होती, आणि पांच लाखांहून अधिक बांधली गेली. दुर्मिळ नाहीं, अपूर्व नाहीं, पण चालवावयास आनंदाची, आणि जिचा प्रत्येक सुटा भाग आजहि मिळूं शकतो अशी. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याला हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. विरळा गाडीचा एक फुटका दिवा मिळविण्यांत वर्ष जातें. सामान्य गाडीचा तो दुपारच्या टपालानें येतो.

या गाडीचा शत्रु एकच, गंज. जुन्या बेंटलीला खालीं जाड पोलादी सांगाडा असे आणि पत्रा नुसता वरून चढविलेला असे. पत्रा कुजला तरी गाडी मोडत नसे. एमजीबीला असा वेगळा सांगाडा नाहीं. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा, आणि दाराखालचा जो पोकळ उंबरा असतो तोच तिचा कणा. या उंबऱ्यांत पाणी शिरलें कीं तो आंतून कुजतो, बाहेरून मात्र महिनोन् महिने धड दिसतो. लबाड दुरुस्तीवाले कुजका भाग न काढतां त्यावरच नवा पत्रा वेल्डिंगनें चिकटवितात आणि रंग मारून मोकळे होतात. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण मोटारीसाठीं केलेली नसली तरी येथें चपखल बसते. छपराविना उघडी गाडी अशा कुजक्या कण्यावर उभी असली कीं ती मधोमध वांकूं लागते. दाराच्या कडेची फट वर अरुंद व खालीं रुंद झाली आहे का, जॅक लावून गाडी उचलल्यावर दार अडखळतें का, एवढें पाहिलें तरी पुष्कळ समजतें.

विक्रेत्याला हें सर्व ठाऊक असतें आणि घेणाऱ्याला नसतें. या विषमतेचा परिणाम काय होतो तें जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत दाखविलें. पुढें २००१ सालीं त्याला दोघांसह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानें उदाहरण घेतलें होतें जुन्या मोटारींचेंच. अमेरिकेंत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. चांगली गाडी कोणती व लिंबू कोणतें हें ग्राहकाला ओळखतां येत नसेल तर तो कोणत्याच गाडीला पुरी किंमत देणार नाहीं. मग चांगल्या गाडीचा मालक ती विकण्यास बाहेरच काढणार नाहीं, आणि बाजारांत उरतील तीं बहुशः लिंबेंच. कागदांचा गठ्ठा, क्लबाची वही, कारखान्याचा दाखला यांचें मोल येथें पुन्हा दिसून येतें : प्रामाणिक विक्रेत्याला आपला प्रामाणिकपणा दाखविण्याचें दुसरें साधन नाहीं. म्हणूनच जाणते लोक गाडी हुडकतांना जाहिरातीपेक्षां त्या जातीच्या गाडीच्या क्लबांत आधीं जातात. चांगल्या गाड्या पुष्कळदां जाहिरात न होतांच, एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जातात.

१९८८ पासून एमजीबीच्या बाबतींत एक नवाच पेंच उत्पन्न झाला. कारखान्याचे मूळचे सांचे हुडकून काढून, त्यांवर गाडीचें संपूर्ण धड नवें करून विकण्यास एका संस्थेनें आरंभ केला. कुजलेल्या गाडीचें इंजिन, आंस, बैठकी व क्रमांकाची पट्टी काढावी आणि या नव्या कोऱ्या धडांत बसवावी. अशी गाडी १९६५ ची कीं १९८८ ची? मिलिंद राजालाहि विचारांत पाडणारा हा रथ. तथापि व्यवहारी मनुष्य येथें तत्त्वज्ञानांत न शिरतां एवढेंच पाहतो कीं विक्रेत्यानें ही गोष्ट आपण होऊन सांगितली कीं लपविली. सांगितली असेल तर ही गाडी मूळच्या कुजक्या गाडीहून किती तरी पटींनीं चांगली; फक्त तिचा दर 'अस्पर्शित मूळ गाडी'चा नव्हे.

इतर पाहणी सर्वसाधारण जुन्या गाडीसारखीच. गाडी थंड असतांना पाहावी. आपण जाण्यापूर्वींच इंजिन तापवून ठेवलेलें आढळलें तर सकाळीं तें कसें उठतें हें विक्रेत्याला दाखवावयाचें नसावें असा तर्क बांधण्यास हरकत नाहीं. धूर निळा असला तर तेल जळत आहे. इंजिन चांगलें तापल्यावर तेलाच्या दाबाचा कांटा कोठें स्थिरावतो तें पाहावें. अंथरलेली सतरंजी उचलून खालचा पत्रा हातानें चांचपावा. ओल लागली तर पुढें बोलण्याची घाई करूं नये. पाऊस पडत असतां रंगाची परीक्षा करूं नये, कारण ओला रंग नेहमींच चकाकतो. आणि जी रक्कम गाडीसाठीं म्हणून बाजूला काढली असेल ती सर्वच्या सर्व गाडीच्या किंमतींत घालूं नये. स्वस्तांत मिळालेली मोडकी गाडी धड करण्याचा खर्च धड गाडीच्या किंमतीहून अधिक होतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं त्याला अपवाद शोधावा लागतो. वर्कशॉपचीं बिलें पाहिल्यावर अनेक घरांतून या विषयावर जेवतांना बोलण्याची बंदी झालेली असते.

मात्र या सर्वांत सोपें आणि जुनें हत्यार आहे तें लोहचुंबक. तो पातळ फडक्यांत गुंडाळून, रंगाला ओरखडा न येईल अशा बेतानें, चाकांवरच्या कमानींवरून व दाराखालच्या उंबऱ्यावरून सावकाश फिरवावा. विक्रेता सहसा या वेळीं हवापाण्याच्या गोष्टी काढतो. त्या ऐकून घ्याव्या. चुंबक चिकटून राहिला तर निदान त्या जागीं पत्रा आहे. निसटून हातांत आला, तर तेथें पोलाद नसून पुटीन भरलें आहे हें दोघांनाहि कळतें, आणि भावाचें बोलणें तेथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतें.